नदीकडे पाठ करून बसलेलं गाव : नेवासा, प्रवरा आणि पर्यटनाची भाषा



संयोजकांनी आम्हाला विषय दिला तो असा : ‘नदीकाठच्या ऐतिहासिक शहरात कला, संस्कृती आणि पर्यटन यांना चालना’. मथळा एखाद्या सरकारी टिपणासारखा लांबलचक आहे. आम्ही विचारलं, शहर कोणतं धरू? ते म्हणाले, सर, तुम्हीच ठरवा. तेव्हा आम्ही आपल्याच जिल्ह्यातलं, नगरपासून साठेक किलोमीटरवरचं नेवासा धरलं. कुणी म्हणेल, नेवासा कुठलं शहर? नगरपंचायतीचं गाव ते. पण नदीकाठी माणूस किती काळ वसला, ह्या हिशेबानं शहर मोजायचं ठरवलं, तर नेवाशाच्या तोडीची गावं महाराष्ट्रात फार थोडी सापडतील.

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही अशाच एका पर्यटनविषयक समितीवर होतो. माहितीपत्रकाचा मजकूर आमच्याकडे आला. आम्ही ‘आध्यात्मिक अनुभूती’, ‘निसर्गरम्य परिसर’, ‘प्राचीन वारसा’ असे शब्द घातले आणि मोकळे झालो. पत्रक छापून आलं. मागच्या वर्षी जुने कागद चाळताना ते हाती लागलं. वाचलं आणि लक्षात आलं, की गावाचं नाव खोडून तिथं पैठण लिहा, पंढरपूर लिहा, वाई लिहा, एक अक्षर बदलावं लागणार नाही. जे वर्णन कुठल्याही गावाला लागू पडतं, ते कुठल्याच गावाचं नसतं. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत असली वाक्यं आली की लाल रेघ मारली, आणि स्वतः मात्र तेच लिहिलं. म्हणून आजचं व्याख्यान ही आधी स्वतःवरची टीका आहे, दुसऱ्यांवरची मागाहून.

आता मुद्द्याला येऊ. नेवाशात नक्की आहे काय?

आपल्या सगळ्यांना पहिलं आठवतं ते ज्ञानेश्वरीचं. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. ज्ञानदेव सांगत होते, सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. ग्रंथाच्या शेवटी ज्ञानदेव स्थळ सांगतात, काळ सांगतात, राजा सांगतात. आणि स्थळ सांगताना पहिली खूण देतात ती पाण्याची, गोदावरीच्या दक्षिण तीराची. गाव प्रवरेवर, प्रवरा पुढे काही मैलांवर, टोक्याला, प्रवरासंगमी गोदावरीला मिळते. ह्या ग्रंथानं स्वतःचा पत्ता सांगितला तो नदीच्या नावानं. हे आपण ध्यानात ठेवू, कारण पुढे ह्याच जागी परत यायचं आहे.

दुसरी गोष्ट, तो खांब. ज्याला टेकून ज्ञानदेवांनी ग्रंथ सांगितला अशी श्रद्धा आहे, तो पैसाचा खांब. पैस म्हणजे अवकाश, ऐसपैस जागा. दुर्गाबाई भागवतांनी त्याच नावाचा लेख लिहिला, तेच नाव पुस्तकाला दिलं आणि त्या पुस्तकाला १९७१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. खांबाभोवती आजचं जे मंदिर आहे ते विसाव्या शतकातलं. खांब मात्र जुना, करवीरेश्वराच्या देवळातला. त्यावर लेख कोरलेला आहे, आणि त्या लेखाचा विषय ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. त्यात तत्त्वज्ञान नाही, स्तुती नाही. देवापुढचा नंदादीप तेवत राहावा म्हणून दर महिन्याला तेलासाठी केलेल्या दानाची ती नोंद आहे. इतकंच. हे तेलाचं प्रकरण आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे. त्याकडेही परत येऊ.

तिसरं, मोहिनीराजाचं मंदिर. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी अठराव्या शतकात बांधलेलं. अमृत वाटणाऱ्या मोहिनीची ही जागा, अशी कथा. ज्ञानेश्वरीच्या शेवटीही ह्या दैवताचा उल्लेख आहे.

आणि चौथं, ज्याचं नाव कुठल्याच फलकावर ठळक नसतं. प्रवरेच्या काठावरची लाडमोड टेकडी. १९५४ ते ५६ ह्या काळात डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलियांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं उत्खनन केलं. १९६० साली त्याचा अहवाल निघाला. प्रवरेच्या गोट्या-वाळूच्या थरांत अश्मयुगातली दगडी हत्यारं मिळाली; मध्य पुराश्मयुगाच्या एका हत्यार-परंपरेला तर अभ्यासकांनी ह्या गावावरून ‘नेवासीयन’ असं नाव दिलं. वरच्या थरांत ताम्रपाषाण काळातली रंगीत मडकी, लहान मुलांची मडक्यांतली दफनं. त्याच्याही वर सातवाहन काळ, त्यात भूमध्य सागराकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरं. रोमशी व्यापार करणारं गाव होतं हे.

ह्या सगळ्यात एक वस्तू आम्हाला विसरता येत नाही. एका मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि त्या मण्यांत ओवलेल्या धाग्याचा अंश टिकून राहिला होता. तपासणीत त्यात कापूस आणि रेशीम सापडलं. तीन हजार वर्षांहून जुना धागा. विचार करा, कुणीतरी सूत कातलं, कुणीतरी मणी ओवले आणि गेलेल्या लेकराच्या गळ्यात माळ तशीच राहू दिली. नेवाशातली आपल्याला ठाऊक असलेली सर्वांत जुनी कलाकृती कोणती, असं कुणी विचारलं तर आम्ही हीच सांगू. ती कला होती आणि ती प्रेमही होती.

आता प्रश्न असा, की एवढं सगळं ज्या गावात आहे, तिथं येणारा माणूस पाहतो काय?

शिर्डी आणि शिंगणापूर ही दोन मोठी ठिकाणं आपल्याच जिल्ह्यात. शिंगणापूर तर नेवासा तालुक्यातच. प्रवासी कंपन्यांची गाडी सकाळी शिर्डी, दुपारी शिंगणापूर, आणि वेळ उरला तर नेवासा, असं गणित मांडते. गाडी थांबते, माणसं उतरतात, खांबाला हात लावतात, फोटो काढतात, पाणी पितात, निघतात. पाऊण तास. आम्ही ह्या माणसांना दोष देत नाही. भक्ती पाऊण तासातही खरी असू शकते. पण पर्यटन-धोरण जेव्हा ह्याच पाऊण तासाची संख्या वाढवणं म्हणजे ‘चालना’ असं मानतं, तेव्हा टीका करावी लागते.

धोरणाची भाषाच आधी तपासू. आमचा धंदाच शब्दांचा. ‘सुशोभीकरण’ ह्या शब्दाचं गृहीत बघा : जागा मुळात अशोभनीय आहे, आपण तिला शोभा आणू. मग कमान येते, रंगीत दिवे येतात, फरशी येते, सिमेंटचे पुतळे येतात. ‘सर्किट’ ह्या शब्दात तर गोल फिरून बाहेर पडणं आलंच. विजेच्या सर्किटमध्ये विजेनं कुठं मुक्काम केलेला आम्ही ऐकला नाही. आणि ‘ब्रँडिंग’. गुराच्या अंगावर डाग देऊन मालकी दाखवायची, तिथून हा शब्द आला. तापल्या लोखंडाचा डाग.

कांट नावाचा जर्मन तत्त्वज्ञ आमच्या तासाला नेहमी यायचा, आजही येऊ द्या. १७८५ सालच्या त्याच्या ग्रंथात त्यानं एक भेद केला आहे. काही गोष्टींना किंमत असते, काहींना प्रतिष्ठा असते. ज्याला किंमत आहे त्याच्या जागी तेवढ्याच किमतीचं दुसरं काही ठेवता येतं. ज्याला प्रतिष्ठा आहे त्याच्या बदल्यात काहीच ठेवता येत नाही. कांट हे माणसाच्या नैतिकतेबद्दल बोलत होता, गावांबद्दल नव्हे. तरी हा भेद उसना घेऊन बघा. आम्ही लिहिलेलं ते माहितीपत्रक, ज्यात गावाचं नाव बदललं तरी चालत होतं, त्यानं नेवाशाला फक्त किंमत दिली होती. एकाच्या जागी दुसरं चालेल, असंच ते म्हणत होतं.

पण इथं कांटशी आमचं थोडं भांडणही आहे. तो दोन खाती करतो, एक किमतीचं, एक प्रतिष्ठेचं. ज्या गावात आठवडी बाजार भरतो, जिथं फुलांच्या हारावर घर चालतं, तिथं ही खाती इतकी वेगळी नसतात. प्रसाद विकणाऱ्या बाईला आपण ‘तुमच्या गावाला प्रतिष्ठा आहे हो’ असं सांगून घरी पाठवू शकत नाही. तिला चार पैसे मिळाले पाहिजेत. प्रश्न पैसे मिळावेत की नाही हा नाहीच. प्रतिष्ठा विकून मिळावेत की जपून मिळावेत, हा आहे.

आता नदीकडे वळू. दोनेक वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, आम्ही नातवाला घेऊन नेवाशाला गेलो. आठ वर्षांचा पोरगा. गाडीत त्याला सगळं सांगितलं होतं, प्रवरा, तिच्या काठची माणसं, माळ. मंदिर पाहून झालं, दर्शन झालं. मग त्यानं विचारलं, “आजोबा, नदी कुठंय?” आम्ही त्याला काठावर नेलं. कोरडं पात्र, मधे थोडं हिरवट पाणी, वेड्या बाभळी, प्लॅस्टिक. तो म्हणाला, “ही नाही, ती तुम्ही सांगितलेली.” आम्हाला उत्तर सुचलं नाही. आजही नीट सुचलेलं नाही.

कारण खरं उत्तर लांबचं आहे. प्रवरा रतनगडाच्या परिसरात उगम पावते. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं, कालवे निघाले, ऊस आला. १९५० साली लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नातून. ह्या पाण्यानं हजारो घरं उभी केली, आमच्यासारख्यांची शिक्षणं केली. त्याबद्दल कृतघ्न होण्याचं कारण नाही. पण त्याच वेळी खालच्या काठावरची नदी ही नदी राहिली नाही, ती आवर्तनाची वेळ झाली. पाणी सोडलं तर नदी, नाहीतर पात्र. वर वाळूचा उपसा. आणि लक्षात घ्या, प्रवरेच्या वाळू-गोट्यांच्या थरांतच अश्मयुगाची पानं आहेत. वाळू नेणारा ट्रक नुसती वाळू नेत नाही, न वाचलेलं पुस्तकही नेतो.

आपल्या नगर शहराचंही हेच. १४९० साली अहमद निजामशहानं सीनेच्या काठी शहर वसवलं, पुढे खापरी नळांनी दुरून पाणी आणलं गेलं. फराहबाग तर तलावाच्या मधोमध बांधलेला महाल. आज महाल उभा आहे, तलाव नाही. पाण्यातला महाल कोरड्यात उभा असला की तो दगडांचा ढीग वाटू लागतो. पाहणाऱ्याला कळतच नाही की हा असा का बांधला. डोंगरावरच्या सलाबतखानाच्या कबरीला आपण पिढ्यान्‌पिढ्या ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतो आणि तेच नाव पर्यटकाला सांगतो. पाणी हरवतं तसं नावही हरवतं.

मग कुणी म्हणेल, सर, रिव्हरफ्रंट करू. साबरमतीसारखा. अहमदाबादचा तो काठ पाहण्यासारखा आहे, नाही म्हणणार नाही. पण तिथं काठाला लागलेलं पाणी नर्मदेच्या कालव्यातून आणलेलं आहे. मोठ्या शहराला ते परवडतं. नेवाशाला कुणाचं पाणी आणणार? पाण्याविना काठ बांधणं म्हणजे चित्र नसलेली चौकट टांगणं.

दुसरं उदाहरण जास्त जवळचं आहे. आपल्या जिल्ह्याला आता जिचं नाव आहे, त्या अहिल्याबाई चौंडीच्या. जन्म १७२५. त्यांनी नर्मदेकाठी महेश्वरला राजधानी केली. घाट बांधले, आणि घाटाबरोबर विणकर आणून वसवले. हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. नुसता दगड बसवला असता तर आज महेश्वर हे एक सुंदर, निर्जन स्थळ झालं असतं. हातमाग होते म्हणून गाव राहिलं. मधे तेही मोडकळीला आले, तेव्हा गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातल्या मंडळींनी ‘रेवा’ सोसायटी काढून विणकर बायकांना पुन्हा मागावर बसवलं. आज माणूस महेश्वरला जातो तो घाट पाहतो, आणि मागाचा खटखट आवाजही ऐकतो. साडी घेतो, पैसे गावात राहतात. किंमत आणि प्रतिष्ठा एकाच धाग्यात.

मग नेवाशाचा माग कोणता? इथली कला कोणती?

आमचं उत्तर असं आहे : ऐकणं. हसू नका. ज्ञानेश्वरी आधी सांगितली गेली, ऐकली गेली, मग लिहिली गेली. ज्ञानदेव पदोपदी श्रोत्यांशी बोलतात. नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला तर ते आधी अवधान मागतात. सांगणारा आणि ऐकणारे, मधे एक खांब आणि भोवती पैस. ही नेवाशाची मूळ कला. कीर्तन, प्रवचन, पारायण, भारूड ही तिचीच लेकरं. आणि ती अजून जिवंत आहे, जिल्ह्यातल्या शेकडो गावांत सप्ताह होतात. ह्या कलेला जातधर्माचं कुंपणही नव्हतं. प्रभातच्या १९४० सालच्या ‘संत ज्ञानेश्वर’ चित्रपटात ज्ञानदेव झाले ते शाहू मोडक, आपल्या नगरचे, ख्रिस्ती घरातले. महाराष्ट्रानं त्यांच्या चेहऱ्यात ज्ञानदेव पाहिले. नगरचा सांस्कृतिक वारसा म्हणतात तो हा.

तर ज्या गावाची कला ऐकणं ही आहे, तिथं आपण काय उभं करतो? पाहायच्या वस्तू. आणि कर्णे. ध्वनिक्षेपकाच्या भिंतीपुढे कुणी कुणाचं काही ऐकत नाही. ही आमची मुख्य टीका आहे. खर्च किती झाला, कुणी केला, ह्यात आम्ही पडत नाही. त्या गावाचा स्वभावच चुकीचा वाचला गेला, एवढंच आमचं म्हणणं आहे.

एक आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. मागे एका तरुण कार्यकर्त्यानं तोंडावर ऐकवला : “सर, तुम्ही पेन्शनवर आहात. आम्हाला इथं धंदा करायचाय. कमान झाली की गाड्या थांबतात.” त्याचं खोटं नाही. आम्ही त्याला विचारलं, गाडी थांबल्यावर तुझ्या हॉटेलात किती वेळ थांबते? तो म्हणाला, चहापुरती. म्हटलं, ती रात्री मुक्कामाला थांबली तर? तो हसला. “थांबण्यासारखं इथं काय आहे, सर?” मित्रहो, त्या मुलाचा जन्म नेवाशातला. त्याला लाडमोड ठाऊक होती ती ढोरं चरायची टेकडी म्हणून. माळेची गोष्ट त्यानं पहिल्यांदा आमच्याकडून ऐकली. गोष्ट संपल्यावर तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “हे आम्हाला शाळेत कुणी का नाही सांगितलं?”

आम्हाला वाटतं, पर्यटनाची सुरुवात ह्या प्रश्नापासून व्हायला हवी. गावाला स्वतःची गोष्ट ठाऊक नसेल तर ते पाहुण्याला काय सांगणार?

म्हणून काही साध्या सूचना करतो. एक, नेवाशात सापडलेल्या वस्तूंच्या प्रतिकृतींचं छोटं दालन, शाळेच्या दोन खोल्यांएवढं. ह्याच प्रवरेवर दायमाबादला १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना कांस्याच्या चार मूर्ती सापडल्या. बैलांचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा. सगळं मिळून साठ किलोंहून अधिक वजन. मूळ मूर्ती दूरच्या संग्रहालयांत आहेत, तिथंच सुरक्षित राहोत. पण प्रवरेकाठच्या पोरांना त्यांची प्रतिकृती तरी पाहू द्या. दोन, लाडमोडला आणि घाटांना संरक्षण, आणि एक माणूस, जो गोष्ट सांगेल. तीन, एक पायी फेरी : खांब, मोहिनीराज, टेकडी, नदी. चार, संध्याकाळी कर्ण्याविना निरूपण, शंभर माणसांपुरतं. जो मुक्कामाला राहील त्याच्यासाठी. पाच, पाण्याच्या आवर्तनाचं वेळापत्रक ठरताना शेतीचा, पिण्याचा हिशेब होतो, तसा नदीचाही एक हिस्सा बोलून दाखवावा. मिळेल न मिळेल, पण मागितला तरी जावा.

ह्यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही. लागतं ते दर महिन्याचं थोडं थोडं, आणि नेमकं तेच मिळत नाही. बांधकामाला पैसे मंजूर होतात, कोनशिला बसते, फोटो निघतो. सांगणाऱ्या माणसाचा पगार, दालनाची झाडलोट, घाटाची दुरुस्ती, ह्यांना कोनशिला नसते.

आणि इथं आम्ही त्या खांबाकडे परत येतो. ज्या खांबाला आपण हात लावून पुढे जातो, त्यावर देऊळ कुणी बांधलं हे नाही कोरलेलं. दिव्याला दरमहा तेल कसं मिळेल, हे कोरलेलं आहे. त्या काळच्या माणसाला कळत होतं, की दिवा एकदा लावून भागत नाही. त्याच दिव्याच्या देवळात पुढे मराठी भाषेचा एवढा मोठा ग्रंथ सांगितला गेला. तेल आधी होतं, ग्रंथ मागाहून आला.

नातवाचा प्रश्न अजून शिल्लक आहे. नदी कुठंय? पुढच्या पावसाळ्यात, पाणी असताना, आम्ही त्याला पुन्हा नेणार आहोत. तोवर तुमच्यापैकी कुणी गेलात, तर खांबाला हात लावा, जरूर लावा, आणि मग वीस पावलं पुढे काठापर्यंतही जा. निदान तिच्याकडे तोंड करून थोडा वेळ बसा.